समुद्रावरचा कोरा पट्टा

रियाधला माझी मुलगी केतकी राहते त्या घरात, पॅसेजमधल्या विजेच्या बोर्डावर एक समुद्र टांगलेला आहे. बोर्ड दिसू नये म्हणून. चार वर्षांपूर्वी घर लावताना तिनं देश सोडून निघालेल्या महाडच्या एका कुटुंबाकडून सोफा, दोन कपाटं आणि वॉशिंग मशीन घेतलं, त्याबरोबर हे चित्र फुकट आलं. तिनं मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'आई, हे तुझ्या लाइनमधलं आहे का?'

तीस वर्षं नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्ट्यांमध्ये लाकडावर गोदावरीचे घाट कोरले, ही माझी लाइन. मी छापते जपानी पद्धतीनं. म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठसा, पाण्यात कालवलेला रंग, ओलसर कागद, आणि तो कागद ठशावर पालथा घालून पाठीमागून हातानं घासायचा. यंत्र नाही. गिऱ्हाईकही नाही.

केतकीच्या चित्रात खाली गडद निळा समुद्र होता. वर जाता जाता तो फिकट होत गेला होता आणि क्षितिजापाशी बोटभर रुंदीचा एक पट्टा होता, ज्यात काहीच नव्हतं. कोरा कागद. मग आकाश, तांबडा सूर्य, आणि कोपऱ्यात एक लाल शिक्का. जपानी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून तो वाचून घेतला. मुराओका. पाठीमागे पेन्सिलीनं 'खफजी' लिहिलं होतं.

फोटो दोन बोटांनी मोठा करकरून मी त्यावर एका दिवाळी अंकात साडेतीन पानं लिहिली. त्यातलं दीड पान नुसतं कोऱ्या पट्ट्यावर. त्यात शून्यता होती, मौन होतं, दोन बौद्ध भिक्षू होते. 'असा संयमी निळा आपल्या कोकणच्या समुद्राला कधी सुचणार नाही,' असंही एक वाक्य होतं. त्या वाक्याबद्दल मला दोन पत्रं आली, दोन्ही कौतुकाची. तिसरा फोन नाशिकच्या एका कलादालनाच्या मालकांचा. 'मूळ ठसे मिळवा, जानेवारीत प्रदर्शन करू. तुमच्या नावानं,' ते म्हणाले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माझं नाव पहिल्यांदा भिंतीवर लागणार होतं. त्यासाठी मी वाळवंटात जायला एका पायावर तयार झाले.

अल मलाझ, पहिले आठ दिवस

नाशिकहून निघताना मी दोन काळे पायघोळ झगे शिवून घेतले होते. केतकी मला विमानतळावर न्यायला आली ती जीन्स आणि लांब कुर्त्यात, स्वतः गाडी चालवत. 'आई, आता कोणी सक्ती करत नाही,' ती म्हणाली. जिला नाशिकला सोसायटीत स्कूटर सरळ लावता येत नव्हती, ती सहा पदरी रस्त्यावर एका हातानं कॉफी पीत होती. मी झगा घालून बाजूला बसले आणि डोळे मिटून रामरक्षा म्हटली.

अल मलाझ हा रियाधचा जुना भाग. पन्नास वर्षं झाली की इथं इमारतीला जुनी म्हणतात. खाली दुकानं, वर कचेऱ्या आणि बिऱ्हाडं. जावई निखिल बँकेत आहे. तो घरात पाऊल टाकतो तेच एसी सतरावर आणत. नात ईरा आठ वर्षांची आहे आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. 'जेवलीस का गं?' विचारलं की 'ऑलरेडी' म्हणते. नाशिकला मी इतकी वर्षं मुलांना मातृभाषेवर भाषणं दिली, ती सगळी या एका शब्दात वाया गेली.

तिसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळींचा फराळ होता, इस्तिराहात. म्हणजे गावाबाहेर भाड्यानं मिळणारी जागा, हॉल, हिरवळ आणि पोहण्याच्या तलावासकट. चकल्या सहा घरच्या होत्या आणि सहाही जणी सांगत होत्या की इथलं बटर वेगळं पडतं. केतकीनं 'आई जपानी आर्टची एक्स्पर्ट आहे' म्हणून ओळख करून दिली, तेव्हा एका बाईंनी लगेच फोनमधला सोफा दाखवला.

'काकू, याला मॅच होईल असा फुजी पर्वत मिळेल का? निळा चालेल, पण एकदम डार्क नको. कुशन्स ग्रे आहेत.'

आयटीतल्या एका गृहस्थांना प्रश्न पडला होता की हे सगळं हातानं करण्यापेक्षा प्रिंटर का वापरत नाहीत. मी दोघांनाही शून्यतेवर दहा मिनिटं दिली. नंतर माझ्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

मग म्हटलं, या अडाण्यांना करूनच दाखवावं. माझा घाटाचा ठसा मी सोबत आणला होता. जेवणाच्या टेबलावर मांडामांड केली, कागद भिजवला. या कामाची सगळी गंमत ओलीवर आहे. कागद सारखाच ओलसर राहिला तर दुसरा रंग पहिल्याशेजारी नेमका बसतो. वाळला की आक्रसतो आणि रंग जागा सोडतात. इथं मी पहिला रंग लावेपर्यंत कागद उन्हातल्या पापडासारखा झाला. दुसऱ्या रंगात घाटाच्या पायऱ्या देवळावर चढल्या. सहाव्या दिवशी सकाळी पाहते तो ठशालाच तडा गेलेला, कळसापासून थेट नदीपर्यंत. मी हवेला दोष दिला, एसीला दिला, निखिलला तर दिलाच.

'आज्जी, इट्स जस्ट ड्राय हिअर,' ईरा म्हणाली. मी तिला गृहपाठ करायला पाठवलं.

त्याच संध्याकाळी केतकीनं महाडच्या त्या कुटुंबाला फोन लावला. 'ते चित्र होय? ते आम्हाला खफजीच्या इस्माईल परकारांनी निघताना दिलेलं,' पलीकडच्या बाई म्हणाल्या. 'जपानी साहेबाचे ठसेपण त्यांच्याचकडं आहेत. पण लवकर जा. तेही कायमचे चाललेत, पुढच्या आठवड्यात बुधवारी.'

खफजी, गुरुवार

रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कित्येक तास वाळू, मग एक उंट, मग परत वाळू. केतकीनं गाडी चालवली आणि मी तिला सूचना दिल्या.

खफजी कुवेतच्या सीमेजवळ आहे. समोर समुद्र, समुद्रात तेल. गाडीतून उतरल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरली आणि झगा अंगाला चिकटला. आठ दिवसांत पहिल्यांदा मला घाम आला. त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही, मी नुसतीच कुरकुरले.

परकारांचा पत्ता म्हणजे किनाऱ्यालगतचं मासे तळून देणारं दुकान. आत साठी ओलांडलेला, काटकुळा, पांढऱ्या दाढीचा माणूस फळीवर सुरमई कापत होता. मी जवळ गेले आणि किंचाळलेच. फळीच्या कडेला कोरीव रेघा होत्या. लाटा! जपानी ठशावर मासे कापणं चाललं होतं.

'अहो, काय करताय हे! हा अमूल्य ठेवा आहे!'

त्यांनी सुरी बाजूला ठेवली, फळी धुतली आणि माझ्यापुढे धरली. 'घाबरू नका, बाई. हा माझा हाय. पयला मी कोरलेला. सगळा वाकडा गेला. साहेब बोलले, इस्माईल, ह्याच्यावर मच्छी काप.' मग केतकीकडे बघून म्हणाले, 'पोरी, लांबून आलाव, आधी जेवा. इथं सुरमईला कनद बोलतात. चव तीच.'

परकार मूळचे श्रीवर्धनचे. पंचविशीत इथं आले ते तेलाच्या जपानी कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी म्हणून. वीस-बावीस वर्षांपूर्वी जपानी निघून गेले, तेव्हा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, बदलून या दुकानात लागले. 'आता कफील, म्हंजे आमचा इथला मालक, बोलला, इस्माईल, खलास. घरी जा, नातवंडं बघ. चांगला मानूस हाय.' हे सांगता सांगता त्यांनी तांदळाची उकड मळली आणि भाकऱ्या थापल्या. हात गोल फिरत होता, कडेला हलका, मध्ये जरासा जड. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी ठशांची वाट बघत होते.

ठसे मागच्या खोलीत खाटेखाली होते. बारा फळ्या, सगळ्या चेरीच्या लाकडाच्या, जुन्या लुंग्यांमध्ये गुंडाळलेल्या. दोन्ही टोकांना पाण्यानं भरलेली दोन भांडी. इतक्या वर्षांत एकाही फळीला तडा नव्हता.

'ही भांडी कशाला?' केतकीनं विचारलं.

'लाकूड तहानतंय. दर जुम्म्याला भरायची.'

मी माझ्या वहीत लिहिलं: 'जपानी लाकडाची गुणवत्ता उत्कृष्ट.'

मग मी साहेबांबद्दल विचारलं आणि परकार खुलले. मुराओका जपानच्या उत्तरेकडच्या बर्फाळ गावचे. तरुणपणी एका म्हाताऱ्या चित्रकाराकडे शिकले, पण पोट भरेना म्हणून इंजिनियर झाले आणि आयुष्यभर पाइपांमधला दाब मोजला. बायकोला इथली हवा मानवली नाही, ती वर्षभरात परत गेली. हे राहिले. दर शुक्रवारी पहाटे पत्र्याचं स्टूल आणि छत्री घेऊन किनाऱ्यावर जायचे आणि समोर बघत बसायचे. सीमेवरच्या शिपायांनी एकदा हेर समजून धरलं. वही उघडून बघितली तर पानोपान समुद्र. शिपायांनी चहा पाजला आणि चित्रात एक उंट घालायची विनंती केली.

'मग घातला?'

'नाय. साहेब बोलले, उंट हलतो.'

अशी चार चित्रं त्यांनी बारा फळ्यांवर कोरली, एकेका चित्राला वर्ष-दोन वर्षं घेऊन. कोणाला विकली नाहीत. कंपनी निघून गेली तेव्हा 'परत येतो' म्हणून फळ्या ठेवून गेले. पुढं एकदा त्यांच्या मुलीकडून काळ्या किनारीचं कार्ड आलं, साहेब वारल्याचं.

वातावरण गंभीर झालं, तशी मी पिशवीतून दिवाळी अंक काढला आणि माझा लेख मोठ्यानं वाचून दाखवला. साडेतीनच्या साडेतीन पानं. परकार मांडीवर हात ठेवून ऐकत होते. शून्यता आली, मौन आलं, भिक्षू आले, कोकणच्या समुद्राला न सुचणारा निळाही आला. केतकी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

'चांगलं लिवलंय,' परकार म्हणाले. 'लई मेहनत हाय.'

मग मी मुद्द्यावर आले. प्रदर्शनाबद्दल सांगितलं, ठसे मागितले. मला वाटलं होतं विनवण्या कराव्या लागतील, त्यासाठी नाशिकचा चिवडाही आणला होता. ते लगेच म्हणाले, 'न्या.'

'नक्की?'

त्यांनी भिंतीला चिकटवलेला कागद दाखवला. श्रीवर्धनहून आलेली यादी. जाड ब्लँकेट चार, दुधाची पावडर, खजूर, अत्तर, ज्यूसर, जावयाचे बूट. 'विमानात मोजून सामान नेऊ देतात. अडतीस वर्षांनी मानूस घरी चाललाय, आन् बॅगेत काय, तर लाकडं? बायको बोलंल, तिकडं चूल पेटवत व्हतात काय.' ते हसले. 'इथं ठेवली तर नवा पोरगा भट्टीत घालंल. तुमी न्या.'

'घरी या कामाबद्दल माहीत आहे ना?'

'नाय सांगितलं कवा. बायकोनं इचारलं असतं, त्याचा उपयोग काय? मला काय सांगता आलं असतं?'

मी मान हलवली आणि मनातल्या मनात प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका छापून मोकळी झाले.

खफजी, शुक्रवार सकाळ

निघण्याआधी एक प्रत छापून बघायचं ठरलं. दुकान जुम्म्याची नमाज होईपर्यंत बंद असतं. फजरची नमाज आटोपून परकारांनी मागचं दार समुद्राकडे सताड उघडलं. नुकतं उजाडत होतं.

जपानी पद्धत शास्त्रशुद्ध कशी असते ते मी त्यांना सांगायला घेतलं. वहीतून वाचून. कागद मी आदल्या संध्याकाळीच हॉटेलच्या खोलीत भिजवून ठेवला होता. पहिला निळा लावला, दुसरा लावला, सूर्याचा तांबडा लावला आणि कागद उचलला. सूर्य दोन बोटं खाली, समुद्रात बुडालेला होता. केतकी म्हणाली, 'सनसेट दिसतोय, आई.' खफजीचा समुद्र पूर्वेला आहे.

'एसीतला कागद हाय, बाई,' परकार हळूच म्हणाले. 'वरून ओला, आतून सुका. रागवू नका, मी करू?'

त्यांनी स्वतःचा कागद काढला. तो पहाटेपासून दारात, ओल्या पंच्याखाली, समुद्राच्या हवेत पडलेला होता. रंगात त्यांनी वाटीतली भाताची पेज बोटानं कालवली. मी बाजारातून जपानी खळ मागवते, बाटलीवर फुलांचं चित्र असलेली. मग त्यांनी कागद फळीच्या खाचेला टेकवून पालथा घातला आणि बांबूच्या पानानं मढवलेली चपटी घासणी हातात घेतली.

हात गोल फिरू लागला. कडेला हलका, मध्ये जरासा जड. आदल्या दुपारी भाकरीवर फिरत होता तोच हात. आता मात्र मला दिसलं. माझे कान गरम झाले.

'परकारभाई, साहेब छापायचे तेव्हा तुम्ही बघत होतात का?'

'साहेब?' ते हसले. 'साहेबाला छापता येत नव्हतं. ते चितारायचे, कोरायचे. त्यांच्याकडं जपानात छापनारा वेगळा असायचा. इथं स्वतः करायला गेले तर डागच डाग. एकदा मेसमंदी मला भाकरी थापताना बघितलान, आन् हाताला धरून खोलीवर नेलान. तवापास्नं मीच.'

'सगळी?'

'सगळी. साहेब गेल्यावरपन दर ईदला एक छापतो. हात विसरायला नको. कोन खुरूजवर चालला, कायमचा, की त्याला देतो.' त्यांनी केतकीकडे बोट दाखवलं. 'हिच्या घरातलं पाच-सहा वर्षांपूर्वीचं हाय.'

रियाधला मी त्या चित्राचा कागद भिंगातून तपासला होता आणि निखिलला सांगितलं होतं, हा तुतीच्या सालीचा हातकागद आहे, किमान चाळीस वर्षं जुना. आता विचारायचं धाडस होत नव्हतं, तरी विचारलं.

'तो? साहेबाचा कागद संपला व्हता. कंपनीच्या लॅबमंदी तेल गाळायचा कागद असतो, त्याचे जुने ताव कोनी दिलेले.'

केतकीनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

एवढ्यात परकार निळ्याच्या दुसऱ्या हातावर आले. फळीवर रंग लावला, मग ओला ब्रश घेऊन क्षितिजाच्या रेघेवरून एकदाच, डावीकडून उजवीकडे, पाणी ओढलं. रंग पळाला. कागद टेकवला, घासला, उचलला. बोटभर रुंदीचा कोरा पट्टा समोर उमटलेला होता. माझी शून्यता, माझं मौन, माझे दोन्ही भिक्षू.

'हे साहेबांनी शिकवलं?' मी विचारलं. अजूनही आशा सुटत नव्हती.

परकार ब्रश धूत राहिले. मग म्हणाले, 'काल तुमी वाचलंत तवा बोललो नाय. तुमचं खोटं पडंल अशी भीती वाटली. साहेबाला सरळ निळा पायजे व्हता, थेट आभाळापर्यंत. नवीन असताना माझ्या हातनं एकदा पानी जास्त पडलं. मला वाटलं आता शिव्या खानार. साहेबानं कागद उचलून उजेडात धरलान. मग बोलले, इस्माईल, हे कुठलं? मी बोललो, हे आमचं. आमच्या श्रीवर्धनला थंडीत सकाळी समुद्र असाच दिसतो. पानी कुठं संपलं, कळत नाय.' त्यांनी ब्रश झटकला. 'तवापास्नं चारी चित्रांत घालायला लावलान.'

मी त्या कागदाकडे बघत बसले. श्रीवर्धनला मी चार वेळा गेले आहे, दोनदा शाळेच्या सहली घेऊन. पहाटे किनाऱ्यावर उभी राहून मुलांना ओरडले आहे. समुद्राकडे बघितल्याचं मात्र आठवत नाही. आपल्या माणसाच्या हातचं असेल अशी शंकाही न येता मी त्याला जपानी म्हणून दीड पान वाहिलं, आणि वर आपल्या समुद्राला नावं ठेवली. मला रडू आलं. झग्याच्या बाहीनं डोळे पुसले. त्या झग्याचा तेवढाच उपयोग झाला.

परकारांनी शेवटी कोपऱ्यात लाल शिक्का मारला. तोही साहेबानं त्यांच्याकडेच ठेवलेला.

'आता खाली तुमचं नाव घाला,' मी पेन्सिल पुढे केली.

'माझं?' ते मागे सरकले. 'नाय, बाई. छापनाऱ्याचं नाव नसतं. तशी पद्धत नाय. साहेबाच्या कागदावर माझं काय नाव?'

मी पुष्कळ सांगितलं, जपानात कधी कधी कागदाच्या कडेला छापणाऱ्याचंही नाव असायचं, हेही सांगितलं. ते ऐकेनात. पेन्सिल त्यांनी माझ्या वहीत ठेवली आणि वही मिटली.

फळ्या गाडीत ठेवायला केतकीनं डिकी उघडली. लुंग्यांत गुंडाळलेल्या त्या बारा फळ्या परकार एकेक करून बाहेर आणत होते. शेवटची आणली तेव्हा ती लगेच खाली ठेवली नाही, छातीशी धरून उभे राहिले. मला नाशिकच्या कलादालनाची भिंत दिसत होती आणि तिच्यावर माझं नाव. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही दिसत होतं. ते पुसायला मला बराच वेळ लागला.

'परकारभाई, फळ्या तुम्ही न्या,' मी म्हणाले.

'आन् वजन?'

'ती यादी द्या इकडे. ब्लँकेटं मी नेते.'

'बाई, चार जाड ब्लँकेटं हायत. कोरियाची.'

'आणि ज्यूसर,' मी म्हणाले. 'यल्ला, आणा लवकर. नाहीतर माझं मन बदलेल.' ते गंमतीत म्हटलं नव्हतं.

रियाध ते मुंबई

जपानी कलेच्या शोधात परदेशी गेलेली अभ्यासक परत येताना काय घेऊन आली, याची नोंद राहावी म्हणून लिहिते: चार ब्लँकेटं, त्यांतली दोन वाघांच्या चित्रांची, दुधाच्या पावडरीचे डबे, नऊ नंबरचे पुरुषी बूट, ज्यूसर. माझे कपडे मी केतकीकडे ठेवून आले. मुंबईला तपासणीत अधिकाऱ्यानं विचारलं, 'मॅडम, किती वर्षांनी परत आलात?' कलादालनाच्या मालकांना फोनवर सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, जपानी असतं तर बघितलं असतं, श्रीवर्धनचे परकार म्हटल्यावर लोक येणार नाहीत. तेव्हा जानेवारीत त्यांनी दुसऱ्या कोणाची तरी फुलं लावली.

श्रीवर्धन, जानेवारी

ब्लँकेटं पोचवायला मी एसटीनं गेले. परकारांचं घर नवं, दुमजली, दर्शनी भिंतीला बाथरूमच्या टाइल्स लावलेलं. त्यांची बायको हमीदाबाई यांनी आधी वाघ मोजले, मग मला आत बसवलं. अडतीस वर्षांच्या संसारात नवरा दोन वर्षांतून दोन महिने भेटलेला. आता तो कायमचा घरात होता आणि दोघंही एकमेकांना जरा जपून होते. फळ्या खाटेखाली होत्या. दोन्ही टोकांना पाण्याची भांडी.

'हे काय सामान आनलंय, ते तरी सांगा. मला सांगत नायत,' हमीदाबाई मला म्हणाल्या.

परकार पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत उभे होते. मी पिशवीतून खफजीला छापलेली प्रत काढली आणि हमीदाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली.

'हा तर आपला समुद्र,' त्या म्हणाल्या. 'थंडीतला, सकाळचा. सूर्य तेवढा भलत्या बाजूला.' मग कोपऱ्यात बोट ठेवलं. 'हा लाल ठिपका कसला?'

'ते ज्यांनी चित्र काढलं, त्या जपानी साहेबांचं नाव.'

'आन् छापलं कोनी?'

मी परकारांकडे बोट दाखवलं. हमीदाबाईंनी कागद उजेडात धरला, वरून खाली बघितला, उलटा करून बघितला. नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, 'मंग तुमचं कुठाय?'

'तशी पद्धत नाय,' परकार पुटपुटले.

'कोनाची पद्धत?' त्या म्हणाल्या. 'एवढी वर्षं मी इथं एकटी काढली. तुमी तिकडं काय केलंत, ते ह्या एका कागदावर दिसतंय. नाव घाला.'

माझी पेन्सिल अजून वहीतच होती. परकार खाली बसले, कागद मांडीवर घेतला. पट्ट्याखाली, समुद्राच्याही खाली, कडेच्या पांढऱ्या जागेत त्यांनी नाव लिहिलं आणि कागद बायकोपुढे धरला.

हमीदाबाईंनी डोळे बारीक करून वाचलं. 'एवढुसं?' त्या म्हणाल्या. 'मोठं काढा. भिंतीवर लावायचंय.'